नवव्या भागातला फोटो

सोमवारी सकाळी दहा वाजता मी लोकांचे संशय गोळा करायला बसते.

कर्वेनगरातल्या एका भाड्याच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. तिथे पूर्वी कुणाचं तरी देवघर असावं. भिंतीवर काजळीची एक उभी रेघ रंगाच्या दोन हातांखालूनही अजून डोकावते. बंगल्याचा पुढचा भाग तापकीरांचा. तापकीर म्हणजे 'कच्ची कैद' या मालिकेतलं कुटुंब. त्यांचं गाव शहराच्या पोटात गेलं, वावरांवर वीस-वीस मजले चढले, आणि एका इमारतीचा पाया खणताना माणसाची हाडं निघाली. तपास करणारा इन्स्पेक्टर रणजित हा त्याच घरातला मुलगा. त्यामुळे प्रत्येक पुरावा फिरून फिरून त्याच्याच उंबऱ्याशी येऊन बसतो. दर शनिवारी एक भाग. महाराष्ट्र बघतो आणि रविवारभर भांडतो.

मी या मालिकेची कंटिन्युइटी सांभाळते. एका शॉटमध्ये अर्धा उरलेला चहा पुढच्या शॉटमध्ये भरून येऊ नये, रणजितच्या आईचा, सोजरबाईंचा, डाव्या खांद्यावरचा पदर मधेच उजवीकडे जाऊ नये, घड्याळ मागे सरकू नये, एवढं पाहायचं. मराठी घेऊन एम. ए. केलं तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर कवितेच्या दोन ओळींमधल्या शांततेची राखण करीन. आता कपातल्या चहाची करते. दोन्हींना लक्ष सारखंच लागतं आणि संध्याकाळी डोळ्यांमागे साचणारा शीणही सारखाच असतो.

सोमवारचं काम त्याहून निराळं. प्रेक्षकांचे जे गट इंटरनेटवर मालिकेची चिरफाड करतात, त्यांचे तर्क वाचून त्यांचा तक्ता शेफाली मॅमना द्यायचा. त्या मुख्य लेखिका. प्रेक्षक कथेच्या पुढे तर निघून गेले नाहीत ना, हे त्यांना दर आठवड्याला पाहायचं असतं. सांगलीच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या मते ती हाडं सोजरबाईंच्या सवतीची होती. चिंचवडच्या एका मुलीने सिद्ध केलं होतं, की चुलता गेनबा हाच रणजितचा खरा बाप, कारण दोघेही भाकरी डाव्या हाताने मोडतात. गेनबाचं काम करणाऱ्या नटाचा उजवा अंगठा गाडीच्या दारात चेमटला होता, हे तिला कोण सांगणार? आमच्या चुका, आमचे अपघात, आमची घाई, या सगळ्याला ते लोक अर्थ देत. इतक्या प्रेमाने कुणी माझी कविता कधी वाचली नव्हती.

त्या सोमवारी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्यात वर एकच तर्क होता. खाली चारशेच्या वर प्रतिसाद. कोल्हापूरच्या कुणा उल्का नावाच्या बाईंनी दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली होती. दोन्हींत तापकीरांची बैठकीची खोली, समईपुढे सोजरबाई, आणि मागच्या भिंतीवर रणजितच्या मृत वडिलांचा, दौलतरावांचा फोटो. आठव्या भागात फोटोला चंदनाचा हार. नवव्या भागात नाही.

'आपल्याकडे हार कुणाच्या फोटोला असतो, हे सांगायला नको,' उल्काबाईंनी लिहिलं होतं. 'आणि एकदा घातलेला हार कुणी काढत नाही. सोजरबाईंना कळलंय. दौलतराव जिवंत आहेत. हार कुणी काढला ते शोधा, गुन्हेगार सापडेल.'

हार मी काढला होता. आणि त्या फोटोतला माणूस माझा काका होता.

*

रतनकाका. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. रामवाडीच्या एका कारखान्यात फिटर. २००३ सालच्या वैशाख पौर्णिमेला, विहारात वंदनेसाठी फुलं हवीत म्हणून, तो पहाटे सायकल घेऊन येरवड्याहून मार्केट यार्डात गेला. निशिगंधाच्या माळा आणि सुटा मोगरा, असं काकीने सांगितलं होतं. सायकल तिसऱ्या दिवशी फूलबाजाराच्या भिंतीला टेकलेली सापडली. तिला कुलूप होतं. किल्ली त्याच्याबरोबर गेली.

मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि त्याचा मुलगा अभय चारचा. मला आठवतं ते एवढंच, की विहारात त्या दिवशी फुलांवाचून वंदना झाली आणि मोठी माणसं एकमेकांच्या चपलांकडे पाहत बोलत होती.

त्यानंतर चंद्रभागाकाकीच्या घरात काळ थांबला असं मी म्हणणार नाही. काळ थांबत नाही. तो शिलाई मशीनसारखा चालत राहतो आणि खाली कापड नसलं तरी टाके घालतो. काकी ब्लाउज शिवायची. अभय शिकला, बंगळूरला गेला. पण काकीच्या गळ्यातली काळी पोत तशीच राहिली. सरकारी फॉर्मवर 'विवाहित' आणि 'विधवा' असे दोन चौकोन आले, की ती दोन्ही कोरे ठेवायची, कारकुनाने विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही भरा." मृत्यूनंतरचा जलदानविधी झाला नाही, कारण कशाचा करायचा? पुण्यस्मरण नाही, कारण तारीख कुठली? घरात तिच्या खाटेसमोर काकाचा मोठा करून घेतलेला फोटो होता, नुसता, बिनहाराचा. आणि रात्री ती दार लोटून घ्यायची. आतली कडी लावायची नाही.

सात वर्षं झाल्यावर माझे वडील एकदा चाचरत म्हणाले होते, "चंद्रभागा, कोर्टातून दाखला मिळतो. सात वर्षं पत्ता नसला तर माणूस गेला असं धरतात."

काकी मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "धरा की. आधी तुम्ही रडून दाखवा, मग मी अर्ज करते."

वडील रडले नाहीत. विषय पुन्हा निघाला नाही.

*

तो फोटो मालिकेत कसा गेला, हे सांगायला लाज वाटते, कारण त्यात काहीही नाट्य नाही.

पहिल्या भागाच्या चित्रीकरणाच्या दिवशी दौलतराव म्हणून भिंतीवर एका ज्येष्ठ नटाचा फोटो लागायचा होता. ते सकाळी सेटवर आले, आपल्याच फोटोवरचा हार पाहिला आणि जागच्या जागी थबकले.

"हे काय?"

"साहेब, स्क्रिप्टमध्ये वारलेले आहात," उत्तरेश्वरदादा म्हणाले. सेटवरच्या वस्तू, भिंती, फोटो, सगळं त्यांच्याकडे असतं. मूळचे तुळजापूरकडचे, गेली वीस वर्षं पुण्यात.

"स्क्रिप्टमध्ये मी अकरा वेळा वारलोय. गोळी लागून, विष पिऊन, एकदा तर हत्तीच्या पायाखाली. पण हार घालून घेतलेला नाही. घरी ब्याण्णव वर्षांची आई आहे माझी. ती टीव्ही बघते."

ते निघून गेले. कॅमेरा आठला लागायचा होता आणि पावणेआठ झाले होते. उत्तरेश्वरदादा हातात रिकामी चौकट घेऊन युनिटभर फिरू लागले. "कुणाकडं जुन्या माणसाचा फोटो हाय का? पस्तीस-चाळिशीचा, मिशावाला. घरचाच पायजे, गुगलचा नको, नायतर उद्या कोणीतरी नोटीस धाडतंय."

माझ्या फोनमध्ये होता. दर वैशाखात काकी मला सांगायची, पुन्हा एकदा टाक कुठेतरी, कुणी पाहिलं तर. हरवलेल्यांच्या याद्यांवर, गटांवर मी तो टाकायचे. पांढरा शर्ट, एक कॉलर किंचित दुमडलेली, खिशाला पेन, डाव्या भुवईतून गेलेली बारीक पांढरी खूण. बावीस वर्षांत कुणी त्यावर बोट ठेवलं नव्हतं. मी फोन पुढे केला.

"झकास," दादा म्हणाले. मग सवयीने, माणुसकीने, त्यांनी विचारलं, "वारलेत ना, ताई?"

आणि मी म्हटलं, "हो."

एवढंच. जे उत्तर आमच्या घरात बावीस वर्षं कुणी दिलं नव्हतं, ते मी दिलं, कारण कॅमेरा आठला लागायचा होता. दहा मिनिटांत फोटो छापून चौकटीत आला. चौकट लहान, हार मोठा. दादांनी दोऱ्याला मागून गाठ मारून तो आखूड केला, दोन पावलं मागे सरकून पाहिलं आणि कुणीही बघत नव्हतं तरी हात जोडले.

मी स्वतःची समजूत घातली होती. काकीकडचा टीव्ही केव्हाच बिघडला होता. ती पाहणार नाही. जे पाहिलं जात नाही ते घडलेलं नसतं, हे तर माझ्या धंद्यातलं पहिलंच सूत्र.

सप्टेंबरच्या मध्यावर अभयचा फोन आला.

"अक्षू, आईला टीव्ही घेतला. त्रेचाळीस इंची. अशोक विजयादशमीला घरी पोचेल."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझी मालिका बघेल. मला वेळ नाही, तिला तरी बघू दे. शेवटी मुंगीएवढं नाव येतं ना तुझं!"

त्या दिवशी आम्ही नवव्या भागाचं चित्रीकरण करत होतो. मी हिशोब लावला: दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार, नववा भाग. म्हणजे काकी पहिल्यांदा पाहील तो हाच. फोटो काढला तर भिंत उघडी पडेल, लगेच बोंब होईल. पण हार? बिनहाराचा फोटो म्हणजे नुसता फोटो; काकी चिडेल, विचारील, मी सांगीन की भिंत भरायला लागतो. हार मात्र तिने पाहता कामा नये. जेवणाच्या सुट्टीत मी स्टुलावर चढले, हार उतरवला, घडी करून माझ्या पिशवीत ठेवला. नंतर वहीत, जिथे प्रत्येक वस्तूची जागा लिहायची असते, तिथे लिहिलं: भिंतीवरचा फोटो, पूर्वीप्रमाणे.

चार वर्षांच्या नोकरीत मी वहीत खोटं लिहिलं ते तेवढंच.

*

"हे कुणी केलं?" शेफाली मॅमनी तक्ता वाचता वाचता विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी उत्तरेश्वरदादांना बोलावलं. "दादा, नवव्या एपिसोडमध्ये हार कुठे गेला?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. फार थोडा वेळ. त्यांच्या सेटवरून खिळा हलला तरी त्यांना कळतो. हार गेल्याचं त्यांना त्याच दिवशी कळलं असणार.

"पडला आसंल, मॅडम. खिळा सैल हाय."

"मला वाटलं कंटिन्युइटीचं लक्ष असतं," मॅम माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि मग एकदम हसल्या. "पण थँक गॉड, नव्हतं! लोक वेडे झालेत. चॅनलचा सकाळी फोन होता. दौलतराव जिवंत आहेत, डन. तेराव्या एपिसोडच्या शेवटी दार वाजतं, सोजरबाई दार उघडते, समोर हा. कट. लोक मरतील."

"पण हाडं कुणाची मग?" मी विचारलं.

"ते आपण बघू. हाडं कुणाचीही असू शकतात." त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "चेहरा भारी आहे. काय तो डोळ्यांचा थकवा! अगदी याच्यासारखा ॲक्टर शोधायला सांगते. भुवईचा कट मेकअपने होईल. अक्षता, फोटो तू दिलेला ना? हे तुझे कोण गं?"

"काका."

"एक्सपायर झालेत ना?"

दुसऱ्यांदा तोच प्रश्न. या खेपेला मी नुसती मान हलवली, आणि ती हो होती की नाही, हे मलाही नीट कळलं नाही.

आठवडाभर मी त्या गटावर वाचत राहिले. हजारो माणसं काकाच्या चेहऱ्यावर वाकली होती. कुणी भुवईची खूण मोजली, कुणी खिशातल्या पेनवरून साल काढलं, कुणी दुमडलेल्या कॉलरवरून ठरवलं की हा माणूस सकाळी घाईत, भांडून घराबाहेर पडला असणार. त्याच्याकडे असं पाहायला हवं होतं २००३ साली. पोलीस चौकीतल्या माणसाने तोच फोटो फायलीला टाचणी लावताना नाकातून टोचला होता.

बुधवारी एका माणसाने लिहिलं: 'यांना मी पाहिलंय.'

मी त्याला वेगळा निरोप पाठवला: कुठे पाहिलं, कधी, कृपया सांगा. दोन तास उत्तर नाही. त्या दोन तासांत मला चंद्रभागाकाकीची बावीस वर्षं समजली. म्हणजे त्यांतले दोन तास समजले. मग उत्तर आलं.

'अहो, त्या दुसऱ्या मालिकेत नव्हते का, वकिलाच्या भूमिकेत? सेम तेच.'

गुरुवारी अभयचा फोन. त्याच्या आवाजात इतकी सभ्यता होती की मी घाबरले.

"अक्षू. बाबांचं मीम झालंय. ऑफिसातल्या एका पोराने मला पाठवलं. खाली लिहिलंय, 'दूध आणायला गेलो होतो, लाइन मोठी होती.'"

"अभय, मी..."

"तू दिलास ना फोटो?"

"हो."

मागे कुणीतरी इंग्रजीत हसत होतं.

"मला त्यांचा आवाज आठवत नाही," तो म्हणाला. "मीम आलं तेव्हा मला आधी हसू आलं, मग ओळखलं. म्हणजे बघ तू. आईला कळू देऊ नकोस. मी इथूनच टीव्हीत काहीतरी सेटिंग बदलून ठेवतो, चॅनलच दिसणार नाही."

"तेराव्या भागात ते दारात येणार आहेत, अभय. त्यांच्यासारखा दिसणारा माणूस."

"मग बंद पाड ना ते! तुझी मालिका आहे."

"माझी मुंगीएवढी आहे," मी म्हटलं.

*

रविवारी दुपारी मी येरवड्याला गेले. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यांवरून उतरून गल्लीत बसलं होतं. पिशवीत हार होता. तो सेटवर परत टांगायचा की फेकायचा हे न ठरल्यामुळे महिनाभर माझ्याबरोबर हिंडत होता. मी मनात वाक्यं रचत गेले. एक साधं वाक्य यावं म्हणून आयुष्यात कधी इतका घाम गाळला नव्हता.

दार नुसतं लोटलेलं होतं, नेहमीसारखं. काकी मशीनवर. नवा टीव्ही भिंतीवर, त्याच्यावर तिने ब्लाउजपीसचा शिवलेला अभ्रा. समोर काका, मोठ्या चौकटीत, बिनहाराचा.

"ये. वाळलीस. तिथे जेवायला घालत नाहीत का नुसतं खोटंच खाता सगळे?"

"घालतात गं."

तिने चहा ठेवला. मी बसले, उठले, पुन्हा बसले.

"काकी, तुला एक सांगायचंय. मालिकेत आमच्या एका भिंतीवर..."

"हार का काढलास?"

चहा उतू जात होता. तिने शांतपणे गॅस बारीक केला.

"तू पाहिलंस?" मी विचारलं. "टीव्ही तर आत्ता आलाय."

"पहिल्या शनिवारपासून बघते. शेजारच्या मालनबाईकडे. तुझं नाव येतं म्हणून सगळ्या बायकांना मीच गोळा केलं होतं, पेढे घेऊन." तिने चहा गाळला. "ती तुझी सोजरबाई दिवा लावते, आणि मागे हे. हार घातलेले. मालनबाई टीव्ही बंद करायला उठली. मी म्हटलं, राहू दे, पोरीचं नाव शेवटी येतं."

"काकी, मी विचारायला हवं होतं. मी चुकले."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "बरं झालं विचारलं नाहीस."

तिने कप माझ्या हातात दिला आणि समोर बसली. तिच्या बोटांना दोऱ्याचे रंग लागले होते.

"मला वाटलं, आता रडू येईल. वाट बघितली. नाही आलं. घरी आले, एका माणसाचा भात टाकला. रोज दोघांचा टाकते, सकाळी शिळा खाते. त्या दिवशी एकाचाच टाकला. आणि झोपताना कडी लावली. गंजलेली, लागेना. तेल सोडलं थोडं, मग लागली. अशी झोपले अक्षू, की सकाळी नळ येऊन गेला तरी कळलं नाही. आठ शनिवार मी कडी लावून झोपले. म्हटलं, चला, कुणीतरी केलं एकदाचं. माझ्या हातून होत नव्हतं, ते कुणीतरी मला न सांगता केलं."

माझा चहा कपातच निवला.

"मग नववा शनिवार. ते होते, हार नव्हता. मालनबाई म्हणाली, अगं, पडला असेल. मी म्हटलं, पडत नसतो, कुणीतरी काढलाय. घरी आले आणि पुन्हा कडी काढून ठेवली." ती जरा हसली. "आता सगळ्या गल्लीतल्या पोरी मला सांगतायत, दौलतराव जिवंत आहेत, दौलतराव जिवंत आहेत. त्यांना काय माहीत! काल रात्री जिन्यावर मांजर चढलं तरी मी उठून बसले. मला आता होत नाही गं. गुडघे दुखतात उठताना."

इतक्या साध्या शब्दांत, गुडघ्यांच्या तक्रारीसारखं, तिने ते सांगितलं. मी तिला वाचवायला स्टुलावर चढले होते. बावीस वर्षांनी टेकलेली एक बाई मी पुन्हा उभी केली होती, दाराकडे तोंड करून.

"काकी, तेराव्या भागात ते येणार आहेत. काकासारखा दिसणारा कुणीतरी शोधतायत. सोजरबाई दार उघडते आणि समोर..."

"येऊ दे की," ती म्हणाली. "दौलतराव आहेत ते. सोजरबाईचे. बंगला आहे तिचा, टाकील चार भाकरी." तिने माझ्या हातातला कप काढून घेतला. "आमचे फुलं आणायला गेले होते. इतका वेळ फुलं टिकत नाहीत."

मग तिने हात पुढे केला. "कुठाय?"

"काय?"

"हार. तू टाकला नसशील. लहानपणी फुटक्या बांगड्यासुद्धा डब्यात ठेवायचीस."

मी पिशवीतून काढून दिला. सेटचा हार, लाकडाच्या पातळ सालींचा, वासापुरतं अत्तर मारलेला. तोही वास महिनाभरात उडून गेला होता. तिने तो मांडीवर पसरला, उलटा केला आणि मागची गाठ पाहिली.

"आखूड केलाय. आपल्या चौकटीला पुरायचा नाही."

"लहान फ्रेम होती तिथे. कापू का?"

"कापायला काय झालं? गाठच आहे." तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला. उत्तरेश्वरदादांची गाठ घट्ट होती. तिने नखाने उकरली, मशीनच्या डब्यातली सुई घेतली, सुईचं टोक दोऱ्यात घालून एकेक पीळ सैल करत गेली. बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. बराच वेळ लागला. मी दोनदा हात पुढे केला, दोनदा तिने तो बाजूला सारला. शेवटी दोरा सुटला आणि हार पूर्ण लांबीने तिच्या मांडीवरून खाली ओघळला.

"घे," ती म्हणाली. "मी नाही घालणार. मी घातला तर मीच त्यांना लोटल्यासारखं होईल. तू एकदा घातलायस, तूच घाल."

"अभयला..."

"त्याला मी सांगते. तारखेचं विहारातल्या भन्तेजींना विचारू नंतर. आज नको सगळं."

मी स्टुलावर चढले. काकाचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. भुवईची खूण, खिशातलं पेन, दुमडलेली कॉलर. माझं आयुष्य वस्तू जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्यात चाललंय, आणि तरी हार आधी उजवीकडेच कलला. खाली काकीने स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं.

"डावीकडे जरा. हां. जपून, तो खिळा सैल आहे."

हार बसला. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. माझ्या पायांकडे पाहत होती, मी पडू नये म्हणून. मी उतरल्यावर तिने स्टूल पुसून जागेवर ठेवलं, दोऱ्याचा उरलेला तुकडा बोटाला गुंडाळून डब्यात टाकला आणि मग एकदाच मान वर केली.

"बरे दिसतात," ती म्हणाली. "जा आता तू. मी जरा पडते."

मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले. चौथ्या पायरीवर असताना मागे कडी लागल्याचा आवाज आला. तेल सोडलेलं असूनही ती थोडी अडली, मग बसली. दुपारचे चारही वाजले नव्हते.